कमळ म्हणजे पावित्र्य नव्हे

वस्त्रांवरच्या फुलांविषयी लिहिण्याची एक पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती एक पद्धत आहे, हेच आता कुणाच्या ध्यानात येत नाही. डावीकडे फुलाचे नाव लिहायचे, मध्ये आडवी रेघ ओढायची आणि उजवीकडे एक भाववाचक नाम बसवायचे. कमळ – पावित्र्य. कुयरी – सुफलता. वेल – सातत्य. पैठणीच्या खोक्यात साडीबरोबर जी गुळगुळीत चिठ्ठी येते तिच्यावर ही यादी असते, हातमागाच्या प्रदर्शनांतील फलकांवर असते, आणि माझ्या तक्रारीचे खरे कारण असे की मराठी विभागांच्या चर्चासत्रांत वाचल्या जाणाऱ्या निबंधांतही ती असते. ‘तौलनिक’ या शब्दाची चलती असल्यामुळे अलीकडे यादीला दुसरा रकाना जोडण्याची टूम निघाली आहे. हा रकाना बहुधा जपानचा असतो. तिथल्या कापडावर कागदी छापांनी उमटवलेल्या फुलांचे अर्थ एका बैठकीत गोळा करता येतात: चेरी – क्षणभंगुरता, शेवंती – दीर्घायुष्य, आयरिस – शौर्य. दोन्ही रकाने शेजारी मांडले, ‘पौर्वात्य मनाची निसर्गाशी असलेली एकरूपता’ असे एक वाक्य शेवटी टाकले, की निबंध तयार. टाळ्याही मिळतात.

प्रस्तुत लेखाचे भांडण या दोन रकान्यांशी आहे. फुलाला अर्थ नसतो, असे माझे म्हणणे नाही. फुलाचा अर्थ असा उचलून उजव्या रकान्यात ठेवता येत नाही, तो ठेवला की फूल आणि कापड दोन्ही नाहीशी होतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत कुणीही यावे, काहीही भरावे अशी सोय होते, हे माझे म्हणणे आहे.

विषय वस्त्रकलेच्या अभ्यासकांचा, त्यात मराठीच्या अध्यापकांनी नाक का खुपसावे? कारण हे रकाने आमच्याच वर्गांत जन्मले आहेत. ‘कवितेतील प्रतीके स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर गाइडात याच पद्धतीने दिलेले असते. दीप म्हणजे ज्ञान, वाट म्हणजे आयुष्य, पक्षी म्हणजे मुक्ती. ते पाठ करून पदवी मिळवलेला विद्यार्थी पुढे कापडाकडे वळला तर तो कापडाचेही गाइडच करणार. सुधीर रसाळांचे ‘कविता आणि प्रतिमा’ १९८२ मध्ये आले. चार दशके ते आमच्या संदर्भयाद्यांत आहे आणि आमच्या उत्तरपत्रिकांत नाही.

आता कमळच घेऊ. ‘कुमारसंभवा’च्या सहाव्या सर्गातील प्रसंग संस्कृत काव्यशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. शिवाकडून मागणी घालण्यासाठी ऋषी हिमालयाकडे आले आहेत, अंगिरस बोलत आहेत, आणि पित्याच्या शेजारी उभी असलेली पार्वती मान खाली घालून हातातल्या लीलाकमळाच्या पाकळ्या मोजते आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हे उदाहरण घेतले. लाज हा शब्द तिथे नाही, आनंद हाही शब्द नाही. आहे ते फक्त पाकळ्या मोजणे. आपले लक्ष या बोलण्याकडे नाहीच, असे दाखवण्याची एका मुलीची धडपड त्या मोजण्यातून उमटते. आता उजव्या रकान्यातले ‘पावित्र्य’ इथे लावून पाहा. पार्वती पावित्र्याच्या पाकळ्या मोजते आहे! ज्या परंपरेचे नाव घेऊन आपण कमळाला पावित्र्याचे लेबल चिकटवतो, त्या परंपरेतला सर्वांत मोठा मीमांसक हजार वर्षांपूर्वी सांगून गेला होता की कमळाचा अर्थ कमळात नसतो. ते कोणाच्या हातात आहे, कोणत्या क्षणी आहे आणि त्या हाताची बोटे काय करीत आहेत यात असतो. कोशात सापडतो तो वाच्यार्थ. ध्वनी कोशात सापडत नाही.

पैठणीवरच्या कमळाबाबतही हेच खरे आहे. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेले कमळ पैठणीवर विणतात, असे सांगितले जाते. पण भिंतीवर कुंचल्याने काढलेले कमळ मागावर आले की त्याचे काय होते, हे चिठ्ठी सांगत नाही. पैठणीच्या पदरात बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, आणि विणकर आपापल्या रंगाच्या हद्दीत ती फिरवून शेजारच्या रंगात गुंतवतो. त्यामुळे गोल रेषा अशी मिळतच नाही. मिळतात त्या पायऱ्या. पाकळीची वळणे ताणे मोजून ठरतात. येवल्याच्या किंवा पैठणच्या कारागिराने कमळ कसे सोडवले आहे, पाकळीचे टोक किती ताण्यांवर आणून मिटवले आहे, जरीच्या जमिनीवर गुलाबी रंग कुठे थांबवला आहे, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. ‘पावित्र्य’ लिहायला दोन सेकंद.

एक अवांतर. आमच्या तुंगार्लीपासून कार्ल्याची लेणी फार दूर नाहीत. तिथल्या चैत्यगृहातील खांबांच्या शीर्षांना कुणी घंटा म्हणतात, कुणी उलटे कमळ. भारतीय स्तंभशीर्षांच्या या आकारावर विद्वानांनी कितीतरी वाद घातला आहे. सहलीला नेलेल्या मुलांना मी एवढेच विचारते की घंटा मानली तर खांबाचे वजन कसे वाटते आणि कमळ मानले तर कसे वाटते. उत्तरे वेगवेगळी येतात आणि दोन्ही गटांना खांब पुन्हा पाहावा लागतो.

मग हा फुलांचा कोश आला कुठून? तो पूर्वेचा नव्हे. पॅरिसमध्ये १८१९ साली शार्लोत द लातूर या नावाने ‘फुलांची भाषा’ सांगणारे पुस्तक निघाले. त्याच्या मागोमाग युरोपात अशा पुस्तकांचे पीक आले. इंग्लंडमध्ये केट ग्रीनअवेचे सचित्र पुस्तक १८८४ चे. प्रत्येक फुलापुढे एक गुण, एक भावना. प्रेमिकांनी गुच्छ पाठवायचा आणि तो उलगडायचा. दिवाणखान्यातला हा एक गोड खेळ होता. जपानात तो मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, पाश्चात्त्य पुस्तकांबरोबर पोचला आणि तिथल्या फुलांनाही अशा याद्या मिळाल्या. म्हणजे आमच्या तौलनिक निबंधाच्या दुसऱ्या रकान्यात ‘प्राचीन जपानी प्रतीकव्यवस्था’ म्हणून जे उतरवले जाते त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकातील युरोपी दिवाणखान्याचे देणे असण्याचा संभव आहे, आणि पहिल्या रकान्याची घडणही त्याच साच्यातली आहे. आपण दोन संस्कृतींची तुलना करीत नसतो. एकाच व्हिक्टोरियन वहीची दोन पाने समोरासमोर धरीत असतो.

त्या जपानी छापांविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण त्यांच्यावर अन्याय अधिक झाला आहे. त्यांना कातागामी म्हणतात. तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेल्या हातकागदाचे ताव एकमेकांवर चिकटवायचे, त्यांना कच्च्या पर्सिमन फळाचा तुरट रस पाजायचा, धुरी द्यायची. कागद तपकिरी, चिवट आणि पाण्याला दाद न देणारा होतो. त्यावर नक्षी कोरायची. इसे प्रांतातील शिरोको आणि जिके ही गावे, जी आज मिए प्रीफेक्चरमधील सुझुका शहरात मोडतात, या कामासाठी प्रसिद्ध. एदो काळात किशूच्या तोकुगावा घराण्याचे त्यांना संरक्षण होते आणि छाप विकणारे व्यापारी परवाने घेऊन देशभर हिंडत. कुणी लहान पात्याने कापतो, कुणी अर्धगोल टोकाची टोचणी फिरवून एकेक भोक पाडतो, कुणी फुलाच्या पाकळीच्याच आकाराचे हत्यार घडवून ते ठोकतो. मग रंगारी कापडावर छाप ठेवून त्यावरून तांदळाच्या पिठाची आणि कोंड्याची खळ फिरवतो. खळ भोकांतून कापडावर बसते, कापड निळीत जाते, आणि खळ धुतली की तिच्याखालचे कापड पांढरे राहिलेले असते.

म्हणजे या कागदावरचे फूल हे एक भोक आहे, आणि कापडावरचे फूल ही रंग न पोचलेली जागा आहे. ज्याला प्रतीक म्हणून आपण इतके भरगच्च करतो ते मुळात अभावाचे काम आहे. शिवाय भोकांच्या कलेला आपले व्याकरण असते. पाकळीचा पूर्ण घेर कापला तर आतला तुकडा गळून पडेल, म्हणून कुठेतरी दुवा ठेवावा लागतो. या दुव्यांमुळे छापातील पाकळ्या एकमेकींपासून किंचित सुट्या दिसतात आणि देठाला मध्येच खंड पडतो. फारच नाजूक नक्षी असेल तर कागदाच्या दोन पदरांत रेशमी धागे घालून तिला धरून ठेवीत. दाराशी रांगोळीचा पत्र्याचा छाप ठेवून पीठ पाखडणाऱ्या आपल्या कोणत्याही बाईला हे व्याकरण न शिकवता कळेल. पत्र्यातल्या कमळाच्या पाकळ्याही सुट्याच असतात, त्याच कारणासाठी.

आणखी एक गोष्ट यादीतून निसटते. छाप एकदा ठेवून काम संपत नाही. तो उचलून पुढे ठेवायचा असतो, पुन्हा पुढे, पूर्ण थानभर. कडेला बारीक खुणेची भोके असतात, ती जुळवून नक्षी अशी सांधायची की सांधा दिसू नये. म्हणून कातागामीवर एक फूल कधी नसतेच. असते ते फुलांचे परतणे. मर्ढेकरांनी सौंदर्याचे तत्त्व लयीत शोधले आणि तिचे संवाद, विरोध, समतोल असे प्रकार सांगितले. त्यांच्या सौंदर्यशास्त्रावर आमच्या विद्यापीठांत कितीतरी पाने लिहिली गेली, पण ते सिद्धान्त कापडाच्या एका थानाला लावून पाहावे, असे वाटत नाही. कातागामीसमोर ‘चेरी म्हणजे क्षणभंगुरता’ असे म्हणणे हे तालावर न बोलता तबल्याच्या लाकडाचा औषधी उपयोग सांगण्यासारखे आहे.

अर्थ नाहीच का मग? आहे, आणि यादीत मावेल त्याहून कितीतरी अधिक आहे. पण तो बहुतेक वेळा फुलातून आलेला नसून वाङ्मयातून आलेला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे कान टवकारायला हवेत. आयरिसची फुले आणि त्यांच्यामधून नागमोडी जाणाऱ्या फळ्यांचा पूल अशी एक नक्षी जपानी वस्त्रांवर वारंवार येते. सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधीवर होऊन गेलेल्या ओगाता कोरिनने याच विषयावर पडदे रंगवले. यादी म्हणते, आयरिस म्हणजे शौर्य. जपानी वाचक मात्र पूल दिसताच ओळखतो की हे ‘इसे मोनोगातारी’तले यात्सुहाशी आहे. राजधानी सोडून निघालेला एक माणूस तिथे थांबतो. आयरिससाठी जपानीत असलेल्या ‘काकित्सुबाता’ या शब्दाची पाच अक्षरे पाच ओळींच्या आरंभी गुंफून तो मागे राहिलेल्या पत्नीची आठवण रचतो, आणि ते ऐकून साऱ्या सोबत्यांची आसवे शिदोरीच्या वाळवलेल्या भातावर पडून तो भात फुगतो. आता सांगा, त्या कापडावर शौर्य आहे की फुगलेला भात आहे?

‘आयरिस म्हणजे शौर्य’ हे खोटेही नाही. मुलांच्या सणाला वापरायच्या शोबू या वनस्पतीच्या नावाचा उच्चार युद्धकौशल्यवाचक शब्दाशी जुळतो, त्यातून ते आले. म्हणजे पुन्हा भाषाच. नांदिनाच्या लाल फळांचे झुडूप शुभ का? कारण ‘नान्तेन’ या नावात ‘संकट उलटवणे’ असा अर्थ ऐकू येतो. नट सातव्या इचिकावा दान्जूरोने लोकप्रिय केलेल्या नक्षीत तर कोयता, कडे आणि ‘नु’ हे अक्षर अशी तीन चित्रे असतात. ती सलग वाचली की ‘कामावानु’, म्हणजे ‘मला पर्वा नाही’! हा श्लेष आहे, आणि श्लेषाचे भाषांतर करून उजव्या रकान्यात ‘शुभ’ लिहिणारा माणूस विनोदाचा अर्थ सांगून हशा पिकण्याची वाट पाहणाऱ्यासारखा आहे.

कापडावर येणाऱ्या शरदातल्या सात वनस्पतींचा संचही असाच वाङ्मयातून आला. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या संग्रहात यामानोउए नो ओकुरा या कवीने त्यांची गणना केली आणि पुढची बारा शतके चित्रकार, रंगारी, छाप कोरणारे सारे ती पाळत आले. त्यातल्या एका नावाने कवीला कोणते फूल अभिप्रेत होते, यावर अभ्यासकांना खल करावा लागला, कारण ‘आसागाओ’ हा शब्द पुढे दुसऱ्याच एका वेलीला चिकटला. यादी करणाऱ्याला ही अडचण येत नाही. त्याच्याकडे चित्र असते.

इथवरचे सारे कुणाला पंडिती काथ्याकूट वाटेल. म्हणून चेरीकडे येते. एमिको ओनुकी-टियर्नी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चेरीच्या फुलाचा इतिहास मांडला आहे. दीर्घकाळ हे फूल जपानात जीवनाशी, तारुण्याशी, प्रेमाशी, भातशेतीशी जोडलेले होते. गळणे हा त्याच्या अनेक अर्थांतला एक. मेइजी काळापासून राज्यसंस्थेने तोच एक उचलला आणि गळणारी पाकळी म्हणजे सम्राटासाठी पडणारा सैनिक, असे समीकरण रुजवले. शाळेतल्या गाण्यांत, लष्करी चिन्हांत, सैनिकांच्या स्मारकस्थळी लावलेल्या झाडांत तेच. ऑक्टोबर १९४४ मध्ये आत्मघातकी हल्ल्यांची पहिली विमानपथके उभी राहिली तेव्हा त्यांना शिकिशिमा, यामातो, आसाही आणि यामाझाकुरा ही नावे दिली गेली. ही चारही नावे मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) या अभ्यासकाच्या एका छोट्या कवितेतून उचललेली आहेत. त्या कवितेत सकाळच्या उन्हातली डोंगरावरची चेरी आहे. गळणे नाही, मरण तर नाहीच. १९४५ मध्ये वैमानिकासकट लक्ष्यावर आदळणारे जे रॉकेट वापरले गेले त्याचे नावही ‘ओका’, चेरीचे फूल. त्या वैमानिकांतले कितीतरी विद्यापीठांतून उचललेले विद्यार्थी होते. त्यांच्या रोजनिश्या ओनुकी-टियर्नींनी वाचल्या आहेत. ती मुले बेसुमार वाचणारी होती, आणि तरीही एका फुलाचा अर्थ आपल्यादेखत बदलला जातो आहे हे त्यांच्यातल्या फारशा कुणाच्या ध्यानात आले नाही.

एक फूल, एक रेघ, एक अर्थ: हे समीकरण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला अतिशय सोयीचे असते. अनेक अर्थांचे फूल हुकमात राहत नाही. आज कुणी तौलनिक अभ्यासक चेरीपुढे ‘क्षणभंगुरता, आत्मसमर्पण’ असे निरागसपणे लिहितो तेव्हा तो प्राचीन जपान उतरवीत नसतो, प्रचारखात्याचे शिल्लक राहिलेले पत्रक उतरवीत असतो. आपल्याकडे कमळ हे राष्ट्रीय फूल आहे, लक्ष्मीचे आसन आहे, बुद्धमूर्तीचे पीठ आहे आणि एका राजकीय पक्षाचे निवडणूक चिन्हही आहे. त्याच्यापुढे एकच भाववाचक नाम लिहायला निघालेल्या विद्यार्थ्याने पेन क्षणभर थांबवावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. ‘बाई, रूढ संकेत असतात की नाही? जास्वंद गणपतीची, बेल शंकराचा, केवडा शंकराला वर्ज्य. हे तर ठरलेलेच आहे.’ आहे. पण हे संकेत कथेला आणि कृतीला बांधलेले असतात, गुणाला नव्हे. केवडा शंकराला का चालत नाही याची गोष्ट आहे. ती गोष्ट काढून घेतली तर उरणारे ‘केवडा – असत्य’ हे वाक्य कुणाही मराठी माणसाला विचित्र वाटेल, कारण हाच केवडा गौरीला हौसेने वाहिला जातो. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये हा नियम, आणि प्राजक्त त्याला अपवाद. झेंडूचे तोरण दसऱ्याला दारावर चढते, पण हे फूल मूळचे मेक्सिकोचे. सोळाव्या शतकाच्या आधी ते इकडे नव्हतेच, आणि त्याच्या मायदेशी ते मृतांच्या सणाचे फूल आहे. झेंडूचा उपजत अर्थ कोणता धरायचा, तिथला की इथला? शेवंतीचेही तसेच. जपानच्या सम्राटाच्या मुद्रेवर तिच्या सोळा पाकळ्या आहेत. आपल्याकडे ती वेणीत माळली जाते आणि संध्याकाळी कोमेजते. संकेत शिकवायचे असतील तर त्यांचा काळ, कथा आणि वापर यांच्यासह शिकवावे लागतात. तसे शिकवले की यादी आपोआप मोडते.

तुलना करायचीच तर करण्यासारखी होती ती या निबंधांतून हटकून सुटते, कारण ती चित्रात दिसत नाही. करडई. सोलापूर-मराठवाड्याकडची, तेलाची म्हणून आपल्याला ठाऊक असलेली. तिच्या पाकळ्यांतून जो लाल रंग निघतो त्यावरून आपल्या भाषेत ‘कुसुंबी’ हा शब्द आहे. जपानातही नेमकी हीच वनस्पती, बेनीबाना, आणि तिचा किरमिजी रंग इतका महाग की एदो काळात सामान्यांनी तो गडद वापरू नये म्हणून निर्बंध येत. दोन्ही देशांच्या कापडात एकच फूल प्रत्यक्ष मुरलेले आहे. ते काढलेले नाही, कोरलेले नाही. भिजवून पिळलेले आहे. प्राजक्ताच्या केशरी देठांनीही आपल्याकडे कापड रंगवीत. पण ज्याला फूल म्हणजे आकृती असेच शिकवले गेले आहे त्याला रंगातले फूल कसे दिसावे?

आता घरचे. मावळ-मुळशीच्या खेड्यांतून गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. राज्यभरातून मिळून तो संग्रह एक लाखावर ओव्यांचा झाला, आणि २०१७ पासून ग्रामीण जीवनाच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळू लागल्या. ओव्यांत लुगडे येते, चोळीचा खण येतो, शिंपी येतो, बाजार येतो. आणि विचारले जाते ते काय? कोणी घेतले. भावाने घेतले, बापाने घेतले, किती मोल दिले. दोन दळणांच्या मध्ये, माहेर दूर असलेल्या बाईला काठावरच्या फुलाचा अर्थ कोणता, तर तो ते घेऊन येणाऱ्या माणसाचा. हा अर्थ कोणत्याही चिठ्ठीवर छापता येणार नाही, कारण तो प्रत्येक लुगड्याला वेगळा आहे.

काठांची नावेही पाहा: नारळी, करवतकाठी, रुईफुली. ही नावे ‘कशासारखे दिसते’ एवढेच सांगतात. करवतीच्या दात्यांसारखे म्हणून करवतकाठी. रुईचे फूल तर उकिरड्याशेजारी, पडीक जागी उगवणाऱ्या झाडाचे. पाने मारुतीच्या माळेला लागतात आणि चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांना दटावतात. अशा झाडाचे फूल बायकांनी काठावर ओळखले आणि त्याचे नाव ठेवले, ते त्याची पाच टोके आवडली म्हणून. चिठ्ठी या फुलाबाबत गप्प असते. तिथे तिला भाववाचक नाम सापडत नाही.

आणि आपल्याकडे कापडासाठी भोकांचे छाप नव्हते असे थोडेच आहे? भरतकामाचा नमुना ट्रेसिंग पेपरवर उतरवून टाचणीने रेघेवर भोके पाडायची, कपड्यावर कागद ताणून धरायचा, निळीत रॉकेल कालवून कापसाचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की अभ्र्यावर निळ्या ठिपक्यांचे फूल उमटलेले. हा कागद गल्लीभर फिरे. उसना जाई, परत येताना भोके मोठी होऊन येई. त्यावरची फुले कोणती असत? पाच पाकळ्या, दोन पाने, एक वळणदार देठ: कोणत्याही वनस्पतिशास्त्रात नसलेले फूल. एका टाक्याचे नाव ‘लेझी डेझी’. डेझी पाहिलेली एकही बाई आळीत नसे, आणि लेझी तर कुणीच नसे. या फुलांचे प्रतीकार्थ काय म्हणून विचारले असते तर त्या बायकांनी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले असते. गाठीचा टाका किती फेऱ्यांचा, दोरा किती पदरी, पाकळीला फिका रंग आतून की बाहेरून, यावर मात्र त्या तासभर बोलू शकल्या असत्या. हे ज्ञान आमच्या एकाही निबंधात नोंदले गेलेले नाही. ते नोंदवू शकणाऱ्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा तौलनिक निबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की उजवा रकाना कोरा सोडून कामाला लागा. घरातले एक जुने कापड घ्या. कोणते तंत्र आहे ते पाहा: विणलेले, भरलेले, छापलेले की रंगवलेले. त्या तंत्रामुळे फुलाची कोणती रेषा तुटली, कोणती सरळ झाली ते मोजा. फुलाला घरात काय म्हणतात ते विचारा, नाव नसेल तर ‘नाव नाही’ अशी नोंद करा. ते कोणी कोणाला कधी दिले हे विचारा. एखाद्या ओवीत, आख्यानात, कथेत ते फूल आले असेल तर तो प्रसंग पूर्ण सांगा, त्याचे सार नको. आणि दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) वाचा. फुलाकडे किती वेळ पाहता येते याचा तो मराठीतला पाठ आहे. त्यात रकाने नाहीत.

आमच्या तुंगार्लीच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर भाद्रपदात तेरडा आणि सोनकी असते. कारवी कित्येक वर्षांतून एकदा फुलते आणि तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती या भागात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. यातले एकही फूल माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही काठपदरावर नाही. ओकुराच्या सात रानवनस्पती कवितेतून कापडावर उतरल्या आणि आमची सोनकी का उतरली नाही, हा प्रश्न मी गेल्या सत्रात एम. ए.च्या वर्गाला घातला आहे. अद्याप एकाच मुलीने वही आणून दाखवली आहे. तिने आधी आजीच्या लुगड्याचा काठ उतरवून घेतला, आणि तिचा पहिलाच प्रश्न असा आहे की कारवीच्या भिंती सारवणाऱ्या बाईला कारवी लुगड्यावर कशाला हवी असेल.